राखणीनं कसं बोलावं

केदारखेडा

जालन्याला फॅनचा मेळावा आहे, तू माझ्यासोबत चल, असं नात म्हणाली तेव्हा मला वाटलं पंख्यांचं प्रदर्शन असेल. ऐन थंडीत पंखे कोण घेतं, असं मी विचारलं. अश्विनी पोट धरून हसली आणि मग समजावून सांगायला बसली. फॅन म्हणजे एखाद्या गोष्टीच्या नादी लागलेली माणसं. यांचा नाद चित्रांच्या पुस्तकांचा. त्या पुस्तकांत अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेले लोक हवेत उडतात, भिंती फोडतात आणि जग वाचवतात. त्यांना सुपरहिरो म्हणतात. तिच्याकडची दोन-चार पुस्तकं मी चाळून पाहिली. जग वाचतं, पण ज्यांच्या भिंती फुटल्या त्यांचं पुढं काय झालं ते कुठंच दिलेलं नव्हतं.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. लिहायचं ते पुस्तकी भाषेत आणि बोलायचं ते तोंडाला येईल तसं, असं तेव्हा शिकवलं, आणि त्यात मला कधी वावगं वाटलं नाही. हे लिखाणही मी तसंच करते आहे. या प्रवासात आमचं भांडण झालं ते याच गोष्टीवरून, म्हणून आधीच सांगून ठेवते.

अश्विनी भोकरदनच्या कॉलेजात जाते. दोन वर्षं अभ्यास सांभाळून तिनं स्वतःचं एक पुस्तक काढलं. त्यातल्या सुपरहिरो बाईचं नाव राखणी. धनगराची पोर, रंगानं काळी, अंगावर घोंगडं, कपाळावर गोंदण. तिनं हाक दिली की गेलेलं माघारी फिरतं. आधी मेंढरं फिरतात, मग चोर फिरतात, आणि शेवटच्या पानांत आमच्या पूर्णा नदीचं पाणी उलटं फिरतं. माणसं जे बोलतात ते त्यांच्या तोंडाजवळ फुगा काढून त्यात लिहायचं, अशी या पुस्तकांची रीत आहे.

राखणीचं नाक माझं आहे. अश्विनीनं मला न विचारता घेतलं.

“एवढं बसकं काढायची काय गरज होती?” मी म्हटलं.

“आज्जे, हाये तसं काढलं.”

“हाये तसं पाहायला आरसा हाये की घरात.”

पुण्याच्या एका प्रकाशकानं हे पुस्तक मोबाइलवर पाहिलं होतं. तो मेळाव्याला येणार होता आणि छापायचं की नाही ते भेटून ठरवणार होता. राखणी माझ्यावरून काढली हे कळल्यावर, आजींनाही आणा, असं तो म्हणाला होता. अश्विनीची तेव्हापासून झोप उडाली होती. पुस्तक छापून यावं, आणि आपण काढलं तसंच यावं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. दुसरं काही बोललं तरी ती हं म्हणायची.

बसमध्ये एक बाई शेजारी बसली आणि तिनं मेथीच्या जुड्यांची ओली टोपली अश्विनीच्या चित्रांच्या पिशवीवर ठेवली. राजूरच्या गणपतीला हात जोडण्यासाठी आम्ही खिडकीकडं वळलो तेवढ्यात ठेवली. उचलून पाहिलं तर वरच्या पानावर राखणीचा गाल हिरवा झाला होता. अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई म्हणाली, “माय, रडू नको. एक जुडी घे.” आम्ही घेतली.

जालना

मेळावा मंगल कार्यालयात होता. लग्नाची तिथी नव्हती म्हणून हॉल मोकळा होता. दारावरची ‘शुभविवाह’ची कमान मात्र कुणी उतरवली नव्हती. तिच्याखाली पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधलेला एक मुलगा मोबाइलवर कुणाला तरी झापत होता, “म्या दारातच हावो, तू कुठं हायेस?” पंख दारातून आत जात नव्हते. शेवटी तो खेकड्यासारखा आडवा होऊन गेला.

आत पोरंपोरी नाना वेष करून आली होती. आमच्याकडं बहुरूपी येतो, पोलीस बनून खोटी अटक करतो आणि पसाभर ज्वारी घेऊन जातो. इथले बहुरूपी स्वतः तिकीट काढून आले होते आणि कुणाकडं काही मागत नव्हते. पुठ्ठ्याची ढाल घेतलेली एक मुलगी माझ्याकडं पाहून थांबली. माझं नऊवारी, घोंगडी, गोंदण तिनं नीट न्याहाळलं.

“आजी, भारी झालंय! तुम्ही कोण झालात?”

“म्या कुणी झाले न्हाई. म्या आधीपासून हाये.”

तिनं तरीही फोटो काढला.

मेळावा भरवणारी मुलगी नाजनीन. जालन्यातलीच. बियाण्यांच्या कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी या नादी लोकांना एकत्र करते. तिनं मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. “दादी, इधर बैठो. तिकडं पंख्याखाली नको, सर्दी होईल.” म्हणजे पंखा होताच.

मी तिला विचारलं, तुझ्या पुस्तकांत तुझ्यासारखं कुणी असतं का.

“आमच्यातली एखादी असली ना दादी, तर ती हिरोची दोस्त असते. तिसऱ्या पानावर मरते. मंग हिरोला गुस्सा येतो.”

“आन् बाप्या असला तर?”

“तो बम ठेवतो.”

बसचं वेळापत्रक सांगावं तसं तिनं हे सांगितलं.

शेजारच्या टेबलावर एक चष्मेवाला मुलगा पुस्तकं मांडून बसला होता. त्याला हे बोलणं रुचलं नाही. “नाजनीनताई, तुम्ही सगळ्यात हेच आणता. हिरोला ना जात असते ना धर्म. तो सगळ्यांचा असतो.”

त्याच्या हिरोचं नाव मी विचारलं. वज्रवीर, तो म्हणाला. हे कामावरचं नाव झालं, घरचं काय, असं मी विचारलं. त्यानं घरचं सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं. लग्न कोणत्या घरच्या मुलीशी झालं तेही त्याला पाठ होतं.

“बराबर,” मी म्हटलं.

“आज्जी, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं,” तो म्हणाला आणि मला वज्रवीराचं एक स्टिकर दिलं. ते आता आमच्या पिठाच्या डब्यावर आहे. मुलगा चांगला होता.

प्रकाशक दुपारी आले. कुणीतरी जाडजूड, वयस्कर गृहस्थ येतील असं मी धरून चालले होते. आला तो पाठीला दप्तर लावलेला दाढीवाला तरुण. सगळे त्याला केतन सर म्हणत होते. तो माझ्या पाया पडला, उठताना माझ्या नाकाकडं पाहिलं आणि मग पुस्तकाकडं वळला. पानं त्यानं मन लावून पाहिली, हे मला कबूल करायला हवं. चित्रं फार ताकदीची आहेत, असं म्हणाला. अश्विनीचा चेहरा उजळला.

“फक्त दोन गोष्टी,” तो म्हणाला.

पहिली गोष्ट रंगाची. एवढा गडद रंग छपाईत बसत नाही, चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मी पान पाहिलं. राखणीच्या मागं काळी मेंढरं उभी होती आणि एकेकाचे भाव चांगले दिसत होते. अश्विनी म्हणाली, दोन छटा उजळ करते, पण गोरी करणार नाही. तो म्हणाला, चालेल. हा विषय तिथं मिटला.

दुसरी गोष्ट बोलण्याची. चोर मेंढरं घेऊन पळताहेत आणि राखणी टेकडीवरून ओरडते, असं पान होतं. फुग्यात लिहिलं होतं, ‘थांबा रे! म्या येऊन राह्यले!’

केतन सरांनी ते दोनदा वाचलं. “ही येऊन राहिली? कुठे राहिली? मुक्कामाला?”

“न्हाई सर. येऊन राह्यले म्हंजे येतेय. आत्ता, वाटंवर हाये.”

“तुला कळतं गं. पण वाचणाऱ्याला वाटेल, चोर पळाले आणि ही लॉजवर जाऊन उतरली.”

नाजनीनला हसू आवरेना. मलाही आलं. अश्विनीला आलं नाही.

केतन सर समजुतीनं बोलत होते. “राखणी शुद्ध बोलू दे. ‘थांबा, मी येत आहे.’ बाकीचे आहेत ना, म्हातारा मेंढपाळ, बाजारातल्या बाया, त्यांना तुमचं बोलणं ठेव. त्याने गंमत येते. पण नायिकाच असं बोलली तर लोक तिला हसतील. उद्यापर्यंत विचार कर. एवढं केलंस तर मी छापतो.”

अश्विनीनं माझ्याकडं पाहिलं. मी तिची बाजू घेईन असं तिला वाटलं असावं.

“सायेब बराबर बोलून राह्यले,” मी म्हटलं. “पुस्तकात पुस्तकावानी बोलावं. लग्नाला जाताना आपण गोठ्यातलं लुगडं नेसून जातो का?”

“म्हंजे आपलं बोलणं गोठ्यातलं?”

“घरातलं म्हण.”

“राखणी घरातलीच हाये.”

“मंग तिला छापायला बाहेर कशाला काढून राह्यलीस?”

त्यावर ती माझ्याशी बोलायची बंद झाली.

केतन सरांनी विषय बदलला. राखणीचं घर पुस्तकात कुठंच नाही, ते पाहिजे, म्हणाले. मोठ्या सुपरहिरोंचे महाल असतात. मी सांगितलं, माझा धाकटा भाऊ भिवा मेंढरं राखतो, त्याचा वाडा सध्या वाटूरजवळ आहे, तो बघा.

“वाडा?” त्यांचे डोळे चमकले. “अजून आहे? जुना?”

“बापजाद्यापासून चालत आलाय.”

“आणि राहतं कोण त्यात?”

“भिवा, त्याची बायको, लेकरं. घोडं हाये. कुत्रे हायेत.”

घोडं ऐकल्यावर ते उठूनच उभे राहिले. उद्या माझ्या गाडीने जाऊ, असं म्हणाले. मला त्यांचा उत्साह जरा जास्त वाटला, पण शहरातल्या माणसांना मेंढरांचं कौतुक असतं.

संध्याकाळी वेषांची स्पर्धा झाली. उडणारे, जाळं टाकणारे, कपाळातून दिवा लागणारे असे एकेक जण येऊन गेले. लोक टाळ्या वाजवत होते. मग एक मुलगा लुगडं नेसून, काठी टेकत, वाकून आला. कपाळावर कोळशानं गोंदण काढलं होतं. त्यानं माइक घेतला आणि म्हणाला, “आरं पोरांहो, काय करून राह्यले इथं? जल्दी घरी चला, भाकरी थंडी होऊन राह्यली!”

हॉल कोसळेल असं लोक हसले. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याला दुसरा नंबर मिळाला.

नंतर तो पाणी प्यायला माझ्या खुर्चीजवळ आला. नाव सुमित, गाव अंबडकडचं. पदर अजून डोक्यावर होता.

“चांगलं केलंस,” मी म्हटलं. “घरी कसं बोलतोस तू?”

“असंच.”

“आन् मायबाप?”

“ते बी असंच.”

“मंग हसवायला वेगळं काय केलंस?”

त्यानं विचार केला. “काहीच न्हाई, आज्जे. खाली उभं राहून बोलतो ते वर उभं राहून बोललो.”

तो काठी घेऊन गेला. हसणाऱ्यांत निम्मे अंबडचे, परतूरचे, भोकरदनचे होते. त्यातलं कुणी घरी ‘भाकरी गार होत आहे’ म्हणत असेल असं मला वाटलं नाही. हे मी अश्विनीला सांगितलं नाही. ती माझ्याशी बोलत नव्हती.

मुक्काम नाजनीनच्या घरी होता. सकाळी त्यांनी पिवळी खिचडी, खिमा आणि खट्टा केला. खट्टा म्हणजे चिंचेचं पातळ सार, आमच्या साराहून आंबट, वर कच्चा कांदा. आमच्याकडं पाहुण्याला वाढून घरची बाई उभी राहते. इथं नाजनीनची आई माझ्या मांडीला मांडी लावून बसली आणि स्वतः खाता खाता माझ्या ताटात टाकत राहिली. मी नको म्हटलं की ती ‘बिलकुल’ म्हणायची. कशाला बिलकुल, ते मला कळलं नाही, पण पोट भरलं.

वाटूर

केतन सर कॅमेरा घेऊन तयार होते. वाटेत त्यांनी जुन्या वाड्यांबद्दल बरंच सांगितलं, चौक, माडी, तुळया, नक्षीचे खांब. मी ऐकत होते. आमच्याकडं खांबाला मेख म्हणतात आणि तिच्यावर नक्षी नसते, एवढं माझ्या मनात आलं. अश्विनी पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर पाहत होती. तिला सगळं कळलेलं असावं.

वाटूरच्या अलीकडं गाडी शेतात उतरवली. नुकत्याच मोकळ्या झालेल्या रानात भिवानं मेंढरं बसवली होती. शेतकरी आपल्या रानाला खत मिळावं म्हणून मेंढरं बसवून घेतात, त्याबदली धान्य देतात. भोवती जाळी, एका बाजूला तीन दगडांची चूल, घोड्याच्या पाठीवरचं सामान उतरवून ठेवलेलं, त्या सामानावर बसलेली कोंबडी. दोन कुत्रे केतन सरांच्या अंगावर धावले. भिवानं त्यांना नुसतं नावानं दटावलं तसे ते बसले. सरही बसले, गाडीत.

थोड्या वेळानं ते उतरले आणि चौफेर पाहिलं.

“आजी, वाडा कुठे आहे?”

“सायेब, तुम्ही वाड्यातच उभे हात,” भिवा म्हणाला.

सरांनी पायाखाली पाहिलं. पायाखाली लेंड्या होत्या.

मग मी सांगितलं की मेंढपाळांच्या बिऱ्हाडाला आम्ही वाडा म्हणतो आणि तो खरोखरच चालत आलेला आहे, परवापर्यंत मंठ्याच्या बाजूला होता. भिवाला हा घोळ कळल्यावर तो इतका हसला की त्याला खोकला लागला. “सायेब, माडी पाहिजे असंल तर घोड्यावर चढा!” सरांनाही हसू आलं. त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले. कोकरानं एका बुटाची नाडी चघळून टाकली ती आम्हाला नंतर दिसली.

शेतमालकानं हुरड्याची कणसं दिली होती. भिवाच्या बायकोनं गोवऱ्यांत भाजली आणि तळहातावर चोळून दिली. सोबत तिळाची चटणी. केतन सरांनी स्वतः चोळून पाहिलं आणि हात भाजून घेतला, पण सोडलं नाही. हुरडा खाताना माणूस चांगला की वाईट हे कळतं असं मला नेहमी वाटतं, आणि तो मला चांगला वाटला. म्हणून पुढचं जास्त अवघड झालं.

“हे फार भारी आहे,” ते अश्विनीला म्हणाले. “महाल राहू दे. हाच वाडा घेऊ. आणि भिवाजींना पण घेऊ, राखणीचा मामा म्हणून. हा माणूस नुसता बोलला तरी लोक लोळतील.” त्यांनी मोबाइल भिवासमोर धरला. “भिवाजी, बोला काहीतरी. नेहमीसारखं.”

भिवानं पटका सारखा केला, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “नमस्कार. माझे नाव भिवा. आज आपण आमच्या वाड्यास भेट दिली, याचा आम्हास अत्यंत आनंद होत आहे.”

“नाही नाही, असं नको. तुमच्या भाषेत.”

“ही माझीच भाषा आहे,” भिवा म्हणाला.

“मघाशी बोलत होतात तसं हो.”

भिवानं मोबाइलकडं बोट केलं. “सायेब, ह्यात कोण कोण पाहणार हाये?”

“सगळे.”

“मंग तसं कसं बोलू? सगळ्यांसमोर येडं दिसायचं का?”

अश्विनी आदल्या दिवसापासून पहिल्यांदा माझ्याकडं वळली. मी कणीस चोळत राहिले.

जांब समर्थ

जांबला जायचं ते केतन सरांच्या आईसाठी. एवढं जवळ जातोस तर दर्शन घेऊन ये, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. आम्हालाही आयती गाडी होती. समर्थांच्या जन्मस्थानाचं देऊळ दुपारच्या वेळी शांत होतं. बाहेरगावच्या काही बाया प्रदक्षिणा घालत होत्या. दर्शन झालं, प्रसाद घेतला आणि आम्ही ओट्यावर सावलीला बसलो. सरांच्या एका बुटाला आता नाडीऐवजी सुतळी होती.

“मग, काय ठरवलंस?” त्यांनी विचारलं.

अश्विनीनं चित्रांची पिशवी मांडीवर ओढून घेतली. “सर, राखणी शुद्ध बोलंल.”

“शाब्बास.”

“पण मंग समदे शुद्ध बोलतील. म्हातारा मेंढपाळ, बाजारातल्या बाया, चोर, मामा. एकबी आपलं बोलणार न्हाई.”

सर हसले. मग ती हसत नाही असं पाहून थांबले. “अगं, मग त्यात गाव कुठे राहिलं?”

“गाव चित्रात हाये.”

“रंगत जाईल सगळी. त्या बोलण्यातच तर मजा आहे.”

“मंग समदे आपलंच बोलतील. राखणीसकट.”

“अश्विनी, पहिलं पुस्तक आहे तुझं. एवढ्याशा गोष्टीसाठी अडून बसतेस?”

“सर, मजा येती म्हणता, मंग तिच्या तोंडी का न्हाई? आन् तिच्या तोंडी शोभत न्हाई, तर मामाच्या तोंडी कशाला?”

केतन सर चिडले नाहीत. त्यांनी खरंखुरं सांगितलं. माझा धंदा लहान आहे, म्हणाले. दुकानदार पहिलं पान उघडतो, एक ओळ वाचतो आणि पुस्तक पुढं मांडायचं की मागं ते ठरवतो. मागं मांडलेलं कुणी घेत नाही. मग ते माझ्याकडं वळले.

“आजी, तुम्ही सांगा हिला. काल तुम्ही माझ्या बाजूने होतात.”

“काल होते,” मी म्हटलं. “राखणीनं पुस्तकी बोलावं असंच माझं अजून म्हणणं हाये. पण मंग भिवानंबी बोलावं. त्याला येतं, तुम्ही ऐकलं. एकाच घरची दोघं, एकीला नवं कापड आन् दुसऱ्याला चिंध्या, लोकांना हसायला, असं नको.”

“म्हणजे तुम्ही पण?”

“म्याबी.”

ते बराच वेळ नाडीच्या सुतळीशी चाळा करत बसले. मग उठले आणि म्हणाले, “कळवतो.”

कळवतो म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मुलगी पाहून पाहुणे उठतात तेव्हा हेच म्हणतात. अश्विनीला ठाऊक नव्हतं. वाटूर फाट्यावर त्यांनी आम्हाला सोडलं, माझी पिशवी स्वतः उतरवून दिली, प्रसादाचा एक पुडा जास्तीचा दिला आणि पुन्हा पाया पडले. जालन्याच्या बसमध्ये अश्विनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तिचं डोकं जड आहे. मी हलले नाही.

परत केदारखेडा

कळवायला त्यांनी फार वेळ लावला नाही. ‘सध्या जमणार नाही. मनापासून शुभेच्छा,’ असा निरोप मोबाइलवर आला, खाली गुलाबाचं फूल. अश्विनीनं तो अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचला आणि मोबाइल खाटेवर टाकला. तिचा बाप म्हणाला, झालं का समाधान? आई म्हणाली, एक अक्षर बदललं असतं तर काय झिजलं असतं. माझंही आधी तेच म्हणणं होतं.

ती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, पण कागद उघडले नाहीत. नाजनीनचा फोन आला तेव्हाही, नंतर करते, म्हणाली. पोरगी नाद सोडते की काय असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर सोडला असता तरी मी तिला दोष दिला नसता.

नंतर एका दुपारी मी अंगणात तुरी निवडत बसले होते. ती शेजारी येऊन बसली आणि मांडीवर पाटी घेऊन तिच्यावर कोरा कागद लावला. बराच वेळ नुसती पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. मग तिनं कागद माझ्याकडं फिरवला. पूर्णेचं पात्र होतं. वाळूनं भरलेला ट्रक चढ चढत होता आणि राखणी त्याच्यासमोर वाट अडवून उभी होती. ट्रक चांगला काढला होता, नंबर नसलेला. ड्रायव्हरच्या फुग्यात लिहिलं होतं, ‘बाजूला हो, न्हाई तर अंगावरून नेईन.’ राखणीचा फुगा रिकामा होता.

“आज्जे, ती काय म्हणंल?”

“पुस्तकी सांगू का घरातलं?”

“तूच ठरव.”

मी ट्रककडं पाहिलं. ड्रायव्हरकडं पाहिलं. मग सांगितलं. ते वाक्य मी इथं देत नाही, कारण हे लिखाण पुस्तकी आहे.

अश्विनीची पेन्सिल थांबली. “आज्जे, हे छापता येणार न्हाई.”

“आता कोण छापून राह्यलंय?” मी म्हटलं.

तिनं खोडरबर घेऊन फुगा पुसला, आधीपेक्षा मोठा काढला, कारण वाक्य लांब होतं, आणि सगळं लिहिलं.